बोटांवरचा कागद

१४ नोव्हेंबर २००३, वरवंड

आबांना पुण्याला दाखवून संध्याकाळी परत आलो. त्यांचा हात कापतो, त्यांच्या आईचाही कापायचा, आणि मी त्यांची लेक. म्हणून गेलं वर्षभर रोज सकाळी बोटं पसरून त्यांवर वहीचा कागद ठेवून बघते, हलतो का. कुणाला सांगितलेलं नाही. आज डॉक्टरांना विचारलंच. म्हणाले, घराण्यातून थोडं येतं, पण तेवढ्यानंच कंपवात होतो असं नाही. शरीराची राखण करणाऱ्या पेशीच कधी मेंदूवर उलटत असाव्यात. पक्कं अजून कुणालाच ठाऊक नाही. पक्कं नाही हे ऐकून इतकं बरं वाटावं?

एसटीत आबा म्हणाले, "बेणं माझं हाय, पर रान तुझं येगळं. एकाच बेण्याचा ऊस समद्या रानात सारखा येतो व्हय?"

घरी आल्यावर कागदाचं सांगून टाकलं. त्यांनी तो मागून घेतला, स्वतःच्या बोटांवर ठेवला आणि फडफडता हात माझ्या तोंडासमोर धरला.

"वारा लागतोय का गं?"

हसून हसून पोट दुखलं. उद्या त्या कागदावर किराण्याची यादी करीन.