डॉटीची घंटा

तीर्थरूप आर्डिस आई यांस,

आपल्या धाकट्या जावयाचा, वेंडेलचा, वाकता येईल तेवढं वाकून नमस्कार. (पूर्ण वाकता येत नाही. कारण पुढे येईलच.) आपल्या खुब्याचं ऑपरेशन नीट पार पडलं आणि ॲरिझोनाच्या उन्हात आपण काठी टेकत अंगणात फेऱ्या मारता, हे मार्नीकडून कळलं. जिवाला बरं वाटलं. इकडे विस्कॉन्सिनात सगळं ठीक. टिलीचे पुढचे दोन दात पडले. गस तिसरं वर्ष संपवत आलाय आणि हाताला लागेल ती वस्तू दुसऱ्याच्या बुटात लपवून ठेवतो. चीजच्या कारखान्यात माझी पाळी अजून पहाटेचीच आहे, आणि मागच्या दारच्या वाफ्यातला रूबार्ब यंदा नुसता माजलाय. पत्र लिहिण्याला तसं खास कारण काही नाही.

आपण नव्हतात म्हणून गावच्या ट्रायथलॉनची, म्हणजे आपल्या त्या पोहणं-सायकल-धावणं शर्यतीची, हकिगत तेवढी कळवतो. कोरीनने फोनवर सांगितली असेलच, पण आपली थोरली लेक पडली ग्रँटची बायको. तिच्या तोंडून त्या दिवशी तळ्यात, रस्त्यावर आणि जंगलात फक्त एकटा ग्रँटच होता असं ऐकायला मिळालं असेल. थोरल्या जावयांविषयी माझ्या मनात आदर आहे, हे आपण जाणताच. दातांचा डॉक्टर, स्वतःचा दवाखाना, वाटेल तेव्हा बंद करून पोहायला जायला मोकळा. मूलबाळ नाही. त्याच्या सायकलीला घरात स्वतंत्र खोली आहे आणि त्या खोलीला आमच्या बैठकीच्या खोलीपेक्षा मोठी खिडकी आहे. (मी मोजली नाही. बघून कळतं.) मी त्याचा हेवा करतो असं मार्नी म्हणते. साफ खोटं. मला फक्त त्याची सायकल, त्याचा वेळ, त्याचं सपाट पोट आणि ती खिडकी हवी आहे. बाकी त्याचं त्याला लखलाभ.

माझी तयारी कशी होते ते आपल्याला ठाऊक आहे. पोहण्याची तयारी म्हणजे गसला आंघोळ घालणं; त्यात पाणी बरंच नाकातोंडात जातं, तेवढाच सराव. धावण्याची तयारी म्हणजे दुकानात हात सोडून पळालेला गस. उरली शनिवारची सकाळ. आठवड्यातली ती एकच सकाळ मला सुट्टी असते आणि मार्नी मुलांना सांभाळते, म्हणून ती आमच्या घरात 'वेंडेलची शनिवार सकाळ' म्हणूनच ओळखली जाते. त्यातही कधी पाऊस, कधी कंटाळा. एवढ्या तुटपुंज्या तयारीवर दरवर्षी शर्यत पुरी करणारा माणूस खरं तर कौतुकाला पात्र नाही का? पण कौतुक म्हणजे काय, तर डॉटीची घंटा, आणि ती घंटा माझ्यासाठी आजवर एकदाही वाजलेली नाही.

हे लिहू नये, पण लिहितोच. बाबांनी गोठा विकला तेव्हा डॉटी गाईच्या गळ्यातली घंटा तेवढी ठेवून घेतली आणि 'घरच्या माणसांसाठी' असं म्हणून आपल्या हाती दिली. तेव्हापासून शर्यतीच्या शेवटच्या रेषेपाशी आपण ती वाजवता. इतर लोकही घंटा वाजवतात, पण त्या दुकानातल्या, पत्र्याच्या. आपली खरी, गाईच्या घामाची. ग्रँट आला की ती अशी घणघणते की तळ्यावरची बदकं उडतात. मी येतो तेव्हा आपल्या हातात घंटेच्या जागी पावातला गरम सॉसेज, ब्राटवर्स्ट असतो. (दोष देत नाही. उशीर झाला की ब्राटवर्स्टची रांग वाढते, हे मलाही समजतं.) आपण घाईघाईने तोंडातला घास गिळून "आलास का रे वेंडेल!" म्हणता, आणि मी जावई असूनही भाडेकरूसारखा ती रेषा ओलांडतो.

यंदा आपण घंटा टपालाने कोरीनकडे पाठवलीत तेव्हाच मी ठरवलं होतं की या वर्षी ती वाजवून घ्यायचीच. त्यात यंदा स्वतःही शर्यतीत नाव दिलेल्या कोरीनचा पाय आठवडाभर आधी मुरगळला. म्हणजे तिचं धावणं रद्द, आणि ती रेषेपाशी घंटा घेऊन बसणार हे नक्की. माझ्या पथ्यावरच पडलं म्हणायचं. पण कोरीन म्हणाली, "माझी जागा फुकट कशाला घालवायची? मार्नी, तू धाव ना माझ्याऐवजी." आणि आपली धाकटी लेक बशा पुसता पुसता म्हणाली, "चालेल." आयोजकांनीही नाव बदलून दिलं.

मी हसलो, आई. मोठेपणाने हसलो. नंतर तिला जेवणाच्या टेबलावर बसवून अनुभवी माणसाच्या चार गोष्टी सांगितल्या. घाबरायचं नाही, कोणाशी बरोबरी करायची नाही, दम लागला तर काठाने चालायचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, माझी वाट बघत थांबायचं नाही, मी पुढे गेलेलो असेन. ती म्हणाली, "बरं." सायकल म्हणून तिला तिचीच जुनी दिली, जिच्यामागे गसची खुर्ची लावलेली असते. ती खुर्ची मी काढली, पण तिचा लोखंडी सांगाडा तसाच राहिला. तो काढून दे असं ती गेली दोन वर्षं सांगते आहे, पण एक बोल्ट गंजलाय.

शर्यतीच्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या पोटरीवर काळ्या शाईने वय लिहिलं. हा नियम ज्याने काढला त्याचं भलं होणार नाही. मागून येणारा आपल्याला ओलांडून गेला की त्याचं वय आपल्याला वाचावंच लागतं. वरून वय धरायचं ते वर्षअखेरीचं, त्यामुळे मार्नीचा वाढदिवस नोव्हेंबरात असूनही तिच्या पोटरीवर आत्ताच एक्केचाळीस आलं. ती शाईवाल्या बाईंवर चिडली. मी म्हटलं, "चिडू नकोस, तुझी पोटरी मागून कोण बघणार आहे?" हे वाक्य लक्षात ठेवा.

पाण्यात आधी पुरुषांना सोडलं, बायकांना बऱ्याच वेळाने; माझी सुरुवात झोकात झाली. मग कोणाची तरी टाच माझ्या नाकावर बसली आणि दिशा चुकली. नारिंगी फुग्याला वळसा घालून परत फिरायचं असतं. मी डोकं वर काढलं, नारिंगी दिसलं, त्या रोखाने जीव तोडून पोहलो. जवळ गेलो तर होडीत बसलेले एक म्हातारबा निघाले, नारिंगी जॅकेट घालून मासे धरत होते. त्यांनी आधी रिकामा गळ वर ओढून घेतला. मग म्हणाले, "गर्दी तिकडं आहे रे बाळा. आणि लवकर हो इथून, मोठा मासा गळाला लागत होता माझ्या." मी माफी मागितली, त्यांनी टोपी हलवली, आणि मी आल्या पाण्याने परत निघालो.

काठावर आलो तर अंगाला चिकटलेला रबरी पोशाख निघेना. दोन कार्यकर्त्या बायकांनी मला गवतावर आडवं पाडून दोन्ही पायांना धरून तो सोलून काढला. (कंबर तिथेच गेली. न वाकण्याचं कारण हे.) मग मोजे घालायला बसलो, तर एक माझा आणि एक गसचा. गसचा माझ्या अंगठ्यावर टोपीसारखा बसला. तो तसाच ठेवून बुटात पाय घातला तर आत मऊ, ओलं काहीतरी. चीजचे तुकडे, आई. ज्या कारखान्यात मी पोटासाठी राबतो त्याच कारखान्याचे. निवडून काढायला वेळ नव्हता. तसाच सायकलवर बसलो.

रस्त्याला लागलो आणि पोटऱ्या वाचायला सुरुवात झाली. अठ्ठावीस गेला, वाईट वाटलं नाही. बावन्न गेली, "छान चाललंय हं!" म्हणून गेली, त्याचं जास्त लागलं. एकाहत्तर गेले. ते गाणं गुणगुणत होते. आणि मग चढावर, मी उभं राहून पायडल मारत असताना, बाजूने एक पोटरी अशी सपकन निघून गेली की माझी नजरच खिळली. घट्ट, टवटवीत, लयीत चाललेली. मनात म्हटलं, याला म्हणतात तयारी, नाहीतर आमच्या घरी! मग वय वाचलं. एक्केचाळीस. मग सायकलीच्या मागचा लोखंडी सांगाडा दिसला, आणि त्याच्या सांध्यातून गसच्या बिस्किटाचा चुरा माझ्या तोंडावर उडाला.

"वेंडेल, पाणी पी," ती मागे न बघता म्हणाली, आणि वळणाआड गेली.

तिथे मी जळलो, आई. ग्रँटवर जळतो ते काहीच नाही. ग्रँट परका, त्याच्यावर जळायला माणसाला एक हक्क असतो. बायकोवर जळायचं कसं? उरलेल्या रस्त्यात मी हिशेब जुळवत गेलो. टिलीला पोहायला शिकवतात तो तासभर मार्नी शेजारच्या पट्ट्यात पोहते, हे मला माहीत होतं. मला वाटलं वेळ घालवते. गसची ढकलगाडी घेऊन ती वाचनालयाच्या टेकडीवर पळत जाते, हेही माहीत होतं. मला वाटलं पुस्तकं परत करायला उशीर झालाय. आणि सायकल? वर्षभर तिने गसला पाठीशी घेऊन चालवली. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याच्याशिवाय बसली होती. मी तिला सरावाची एक सकाळ दिली नाही, आणि तिने आठवड्याचे बाकी सगळे दिवस सराव केला.

धावण्याविषयी फारसं लिहीत नाही. फक्त एकच विचार मला पुढे रेटत होता. कोरीन आहे, घंटा आहे, आणि कोरीनचा पाय मुरगळलाय, म्हणजे ती ब्राटवर्स्टच्या रांगेत जाऊ शकत नाही. शेवटच्या वळणावर मी पोट आत घेतलं, केसांवरून हात फिरवला. रेषेपलीकडे ग्रँट आंघोळ करून, भांग पाडून उभा. त्याच्या शेजारी मार्नी, गळ्यात तिसऱ्या क्रमांकाचं पदक. कोरीन खुर्चीवर, आणि तिचा हात वर, घंटा हातात, जोरजोरात हलवते आहे. आवाज मात्र नाही!

झालं होतं असं की मार्नी येताना दिसली आणि कोरीनने आनंदाच्या भरात घंटा अशी वाजवली की आतला लोलक निसटला आणि थेट तळ्यात जाऊन पडला. मी रेषेवर पोहोचलो तेव्हा ती बिचारी रिकामी घंटा हलवत होती आणि डोळ्यांनी माफी मागत होती. ग्रँट म्हणाला, "भले शाब्बास, साडूभाऊ! यंदा लवकर आलास." (मी लवकर आलो नव्हतो. ब्राटवर्स्ट संपले होते.) एकटी टिली त्या पडलेल्या दातांच्या फटीतून "टण टण टण" करत माझ्याबरोबर रेषेपर्यंत धावली. मला त्याने भरून आलं. पण आई, ती घंटा नव्हे.

हल्ली आमच्या फ्रिजवर 'शनिवार सकाळ: मार्नी' अशी चिठ्ठी आहे. प्रकृतीला जपा, काठी सोडून चालू नका.

आपला नम्र,
वेंडेल

ता. क. खास कारण नाही म्हटलं, पण एक आहे. मार्नीला फोन कराल तेव्हा सहज म्हणून तिच्या गुडघ्यांची चौकशी करा. एक्केचाळिशीत गुडघे जपावेत, शनिवारी सकाळी अंथरुणात पडून राहणं उत्तम, असं आईच्या तोंडून गेलं तर ती ऐकेल. मी सुचवलं असं सांगू नका.

ता. क. २. वरचं रद्द समजा. पाकीट बंद करायचं राहिलं आणि मध्ये शनिवार येऊन गेला. मुलांना घेऊन तळ्यावर गेलो होतो. मार्नी पाण्यातून बाहेर आली तेव्हा मी 'शाब्बास!' म्हणून ओरडायला तोंड उघडलं, तर गस माझ्या खांद्यावर झोपलेला. मग ओरडता येईना. इतकी वर्षं माझ्या शर्यतीला ती मुलांना घेऊन काठावर गप्प का उभी असायची, ते तेव्हा कळलं. मी घरी येऊन तेल घालून तो गंजलेला बोल्ट काढला. सांगाडा निघाला. बोल्ट वाया कशाला घालवायचा म्हणून तारेने डॉटीच्या घंटेत बांधला. आवाज थोडा बसका येतो, पण बदकं उडतात. सप्टेंबरात मार्नी मोठ्या अंतराची शर्यत धावणार आहे. तिथे ती घंटा मी वाजवणार. ग्रँट मागतोय, त्याला हो म्हणू नका.

ता. क. ३. त्याच शर्यतीत मीही नाव घातलंय. मार्नीला अजून सांगायचंय. तेव्हा मुलांना धरायला आणि घंटा वाजवायला सप्टेंबरात आपण याच, विमानतळावर घ्यायला मी येईन. मार्नीसाठी हवी तेवढी वाजवा. मग खाली ठेवू नका, आणि कितीही भूक लागली तरी रांगेत जाऊ नका. ब्राटवर्स्ट मी आदल्या दिवशीच आणून ठेवतो.