सतरा सूर्यांचा धनी, मुक्काम अकोला

७ जानेवारी १९६२, रविवार.
आजपासून रोज डायरी. पुढेमागे माझं चरित्र लिहिणाऱ्याची सोय व्हावी असा हेतू अजिबात नाही, डायरी खाजगी आहे. तरी अक्षर बरं काढावं.
घरात शांतता. जमुना काल संध्याकाळी वडिलांबरोबर माहेरी शेंदूरजनाघाटला गेली. रागावून. कारण अगदी क्षुल्लक. सासरे संत्र्यांची टोपली घेऊन आले तेव्हा ती घरमालकीण दुर्गाबाईंकडे तीळ निवडायला गेली होती आणि मी कादंबरीत होतो. माझा सम्राट चंडकेतू, सतरा सूर्यांचा धनी, बोटाच्या इशाऱ्यावर ग्रह विझवणारा, ऐन लढाईत होता. अशा वेळी मधेच उठून ‘या, बसा, पाणी घ्या’ कोण म्हणेल? सासरे ओसरीवर दोन तास बसले. बसले तर बसले, ओसरीवर ऊन नसतं. जमुना परत आली नि माझ्या बापाला पाणीसुद्धा विचारलं नाही म्हणून जे बोलायचं ते बोलली. मी म्हणालो, सम्राट कुणाला पाणी विचारत नसतो. वाक्य चांगलं होतं, टायमिंग चुकलं.
संकल्प : आणायला जायचं नाही. चार दिवसांत येईल आपली आपण.

९ जानेवारी, सकाळी ८.
स्टोव्हची पिन सापडत नाही. चिवडा खाल्ला. चिवड्यानं डोकं तरतरीत राहतं.
मोठी कल्पना सुचली. चंडकेतूला त्याचं विश्व आता लहान पडतं, सतराही सूर्य जिंकून झाले. त्याला दुसऱ्या गोष्टींच्या विश्वांत पाठवायचं. परीकथेत, डिटेक्टिव्ह गोष्टीत, सगळीकडे. जाईल तिथे विजय. प्रकरण झालं की जमुनाला पोस्टानं धाडायचं. आपण कुणाची बायको आहोत हे तिच्या लक्षात येईल आणि ती पहिल्या मोटारीनं निघेल.

११ जानेवारी.
पहिलं विश्व : राजकन्या, राक्षस, राक्षसाचा जीव पोपटात, पोपट सात समुद्रांपलीकडे. चंडकेतू यानातून उतरला आणि किरणयंत्रानं पोपट मारला. गोष्ट दीड पानात संपली. राजकन्येनं विचारलं, आता मी काय करू? हे मलाही ठाऊक नव्हतं. मग दोन शेजारची राज्यं जिंकून वीस पानं भरली. पोस्ट केलं.
चार दिवस झाले. संक्रांत माहेरी करायची असेल, करू दे.

१४ जानेवारी, संक्रांत.
दुर्गाबाईंनी तिळगूळ दिला आणि बाई दिसत नाही, काहून, असं विचारलं. प्रकृतीसाठी हवापालट, असं सांगितलं. कुणाच्या प्रकृतीसाठी, म्हणाल्या. आगाऊ बाई.
दूध उतू गेलं. दूध उतू जाणं शुभ असतं.

१८ जानेवारी.
दुसरं विश्व : डिटेक्टिव्ह. बंद खोलीत खून, संशयित सात. चंडकेतूनं दुसऱ्याच पानावर सातही जणांना देहदंड दिला. खुनी त्यांच्यातच होता, म्हणजे न्याय झालाच. फक्त कोण होता ते कळलं नाही. ऑफिसात देवमन तायड्याला वाचून दाखवलं. तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. माणूस हुशार, पण साहित्यात कच्चा. सगळं ऐकून म्हणाला, आमच्या वहिनी माहेराहून कधी येऊन राहिल्या? मी म्हटलं, विषय काय चाललाय!

२३ जानेवारी.
शेंदूरजनाघाटहून कार्ड! जमुनाचं अक्षर. एकच ओळ : प्रकरणे मिळाली, सम्राट जेवतात कोठे?
म्हणजे वाचते आहे. मन लावून वाचते आहे. शेरा मार्मिक आहे, चंडकेतू ऐंशी पानांत एकदाही जेवलेला नाही. तो शक्तीच्या गोळ्या खातो, असं समासात घातलं. मी खाणावळीत जेवतो. वरणात वरण शोधावं लागतं. वजन घटलं, पण चेहऱ्यावर तेज आल्यासारखं वाटतं.
एवढी वाचते, तर दोन-तीन दिवसांत यायलाच पाहिजे.

२८ जानेवारी.
तिसरं विश्व : कौटुंबिक. हे सगळ्यांत सोपं असणार. ग्रह नाहीत, फौजा नाहीत, दोन खोल्या आणि एक रुसलेली नायिका. चंडकेतूनं तिला बोलण्याची आज्ञा केली. ती वांगी चिरत राहिली. त्यानं पुन्हा गर्जना केली. तिनं वांगी पाण्यात टाकली. मग त्यानं सूर्य विझवला, तर ती उठली, कंदील लावला आणि पुन्हा चिरायला बसली.
तीन तास झाले, पुढे सरकत नाही. किरणयंत्र चालवावं तर तिच्यावर चालवणं मलाच जमेना. जागरणाचा परिणाम. उद्या बघू.

३१ जानेवारी.
गावात एकच बोलणं, अष्टग्रही. तीन ते पाच फेब्रुवारी, आठ ग्रह एका राशीत आणि जगाचा अंत. ठिकठिकाणी यज्ञ. लोक आपापल्या माणसांकडे निघाले आहेत. मी विज्ञानाचा माणूस, माझा विश्वास नाही. पण जमुनाचा असणार! जगाच्या शेवटी बायको नवऱ्याजवळ नसेल तर कुठे असेल? तीन तारखेपर्यंत नक्की.
घर झाडलं. पिन सापडली, स्टोव्हखालीच होती.

३ फेब्रुवारी, शनिवार.
बडनेऱ्याकडून येणाऱ्या दोन गाड्या पाहिल्या. सहज स्टेशनावर गेलो होतो. ती नव्हती. उद्या असेल.

४ फेब्रुवारी.
तीन गाड्या. नव्हती.

५ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.
जग बुडालं नाही. जमुना आली नाही. हाफ डे वाया.

६ फेब्रुवारी.
देवमननं डब्यातली अर्धी भाकर आणि ठेचा माझ्यापुढे सरकवला. खाऊन झाल्यावर बोलला. “सूर्यभानजी, जग बुडाच्या दिवशीबी तुमी तिले आणाले गेले नाई. मंग जासान कधी?”
मी त्याला समजावलं की मानाचा प्रश्न आहे, सम्राट कुणाच्या दारी जात नसतो. तो डबा धुवायला गेला.

७ फेब्रुवारी.
चंडकेतू अजून त्याच दोन खोल्यांत आहे. आज त्यानं काड्यापेटी शोधली.
डायरी खाजगी आहे, तेव्हा लिहायला हरकत नाही. घर खायला उठतं. ती होती तेव्हा दिवसभर काही ना काही बोलायची आणि मी हं हं करायचो. ती काय बोलायची ते आठवायला बसलो, तर एकही गोष्ट धड आठवेना. फार वाईट वाटलं.

१० फेब्रुवारी, शनिवार.
उद्या शेंदूरजनाघाटला जाणार. आणायला नव्हे. पुढच्या प्रकरणात संत्र्यांची बाग आहे, तिचं निरीक्षण करायचं आहे. सोमवारची रजा टाकली. सासऱ्यांपुढे करायचं भाषण तयार, दोन पानं. त्यात खेद आहे, पण ताठ मानेनं.

११ फेब्रुवारी, शेंदूरजनाघाट.
वरुडपासून पुढे मोटारीत उभा. तिसऱ्या प्रहरी बागेत पोचलो. झाडांखाली बायका संत्र्यांची प्रतवारी करत होत्या. जमुनाची आत्या गोदाबाईनं मला लांबूनच ओळखलं.
“जमुने, आला वं तुहा सम्राट.”
सगळ्या हसल्या. आत्याला ती कादंबरीतली गोष्ट कशी ठाऊक, हे मला कळेना. मग कळलं. जमुनानं साऱ्या प्रकरणांचं इथे जाहीर वाचन केलं आहे. महिनाभर गाव ऐकतं आहे. पोपट मरतो तिथे तर लोक पोट धरून हसतात म्हणे. मी ते प्रकरण भीषण म्हणून लिहिलं होतं. आणि चंडकेतू म्हणजे मीच, हे संत्री तोडणाऱ्या मजुरापासून गाडीवानापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. मलाच नव्हतं.
सासरे उठून आले. स्वतः खाट टाकली, लोटा भरून आणला, माझ्या हातात दिला. भाषण खिशात होतं. एक शब्द आठवला नाही. म्हणालो, “मामाजी, माझं चुकलं.” ते म्हणाले, बसा, पण मला एक सांगा, सतरा सूर्य असल्यावर बगीच्याला पाणी किती लागत असेल? थट्टा नव्हती, खरंच विचारत होते.
उद्या सकाळच्या मोटारीनं दोघं निघतो. जमुनाला सामान भर म्हणालो, तर पेटी भरलेलीच होती. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसापासून भरून ठेवलेली. मग आली का नाहीस, विचारलं.
“तुमी बोलावलं कुठं,” ती म्हणाली. “एका कार्डाचं काम होतं. तुमी ऐंशी पानं लिहिले.”