न आलेलं जहाज

३ मार्च

चि. बापूस अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल. तू पाठवलेल्या शिलाई मशीनच्या सुया मिळाल्या. या बेटावर त्या सोन्याच्या भावाने विकतात, त्यामुळे तुझे लहानपणचे निम्मे अपराध माफ. मात्र तू 'मत्स्यतज्ज्ञ' म्हणून येऊन गेलास तेव्हापासून गल्लीत माझी चेष्टा चालली आहे. घशात काटा अडकला म्हणून घर डोक्यावर घेणारा माझा भाऊ मासेमारी शिकवणार! तुझ्याबरोबरचे ते बारीक केस कापलेले तज्ज्ञ अजून इथेच आहेत. त्यांनी मासा धरलेला कुणी पाहिला नाही, पण पोलिसांची कवायत रोज घेतात.

आता काळजीचं. बाहेरची जहाजं बंदरात आणून लावायची हे तुझ्या भावोजींचं काम. गेल्या महिन्यात यांनी तुमच्या देशाचं एक जहाज आणलं. झेंडा नव्हता, नाव रंगाने पुसलेलं. उतरवताना एक खोकं फुटलं, तर जाळ्यांऐवजी बंदुका निघाल्या. दुसऱ्या दिवशी इथले मंत्री म्हणाले, असं जहाज आलंच नाही. यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. चहाच्या दुकानात बोलून बसले. गावभर झालं, आणि कोण बोललं याची चौकशी सुरू आहे. यांचं नाव अजून पुढे आलेलं नाही.

तुझ्या साहेबांकडे शब्द टाक ना. आपल्या घरात नोकरी काय, बदली काय, सगळं शब्दावरच झालं आहे. यांना कचेरीत बसवलं तरी चालेल, पण त्या जहाजांपासून लांब कर.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

१९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसलो आणि घाबरलोही. एवढी जहाजं वळवणाऱ्या भावोजींना स्वतःची जीभ वळवता येऊ नये? मी तज्ज्ञच आहे, कसला ते विचारू नकोस. मोठ्या देशाने थोरल्या भावासारखी धाकट्या बेटाच्या दाराची कडी तपासली तर बिघडलं कुठे? फक्त शेजाऱ्यांना कळू नये, एवढंच.

शब्द टाकला आहे. साहेब भला माणूस. भावोजींचं नाव, घराचा पत्ता स्वतः लिहून घेतला आणि म्हणाले, तुमचे भावोजी ते आमचेही भावोजी. तेव्हा निर्धास्त राहा. फोनवर यातलं काही बोलू नकोस, पत्र आमच्याच माणसाकडे देत जा.

लोभ असावा, राग नसावा.
तुझा बापू

४ एप्रिल

चि. बापूस आशीर्वाद.

यांना नेलं. दुपारी माझ्या शिवणाच्या दुकानात माझ्यासमोर बसून बटणं निवडत होते. दोघे आले. एक इथला पोलीस, दुसरा तुझा तज्ज्ञ. तो हसून यांना भावोजी म्हणाला. मला वाटलं, तुझा शब्द लागला, बदलीचं बोलवणं आलं. साहेबासमोर बरं दिसावं म्हणून मीच इस्त्रीचा शर्ट आणून दिला. बापू, मी यांना नटवून पाठवलं रे.

पोलीस म्हणतात, आमच्याकडे नाहीत. बंदरवाले म्हणतात, जहाजच आलं नाही तर ते आणणारा कुठून असेल? मी तुमच्या वकिलातीत गेले, तर तिथे म्हणाले की आमचा एकही माणूस या बेटावर नाही. मग यांना भावोजी कोण म्हणालं?

सारं गाव पालथं घालून त्यांना जे नाव सापडलं नाही, ते आपण घरपोच दिलं. मी तुला, तू त्यांना. हे कुठे आहेत, एवढंच विचारून कळव. दुसरं काही मागत नाही.

ताई

२२ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

धीर धर. सरकारी कामांत घाई करून चालत नाही. फार लिहिता येत नाही, समजून घे.

तू आणि लेक इकडे निघून या. वरची खोली फिकट पिवळ्या रंगाने रंगवून घेतली आहे. मशीन खिडकीशी ठेवू, उजेड चांगला येतो. भाचीचं कॉलेज, पुढे तिचं लग्न, सगळं माझ्याकडे लागलं. तुला कुणापुढे हात पसरावा लागणार नाही. तुमच्या दोघींची तिकिटं साहेबांनीच काढून दिली, सोबत पाठवतो आहे. दुकान येईल त्या किमतीला काढून टाक.

तुझा लोभ मात्र तुटू देऊ नकोस.
बापू

६ मे

बापू,

हे कुठे आहेत, असं मी विचारलं होतं. तू खोलीचा रंग कळवलास.

तुझं पत्र लेकीने मोठ्याने वाचलं. दोघींची तिकिटं, दोघींची खोली, लग्न मामा करणार. मध्येच थांबून म्हणाली, आई, बाबा जिवंत असताना मामा असं कशाला लिहील? मग तिने पत्र खाली ठेवलं आणि आतल्या खोलीत गेली. तिचं रडणं मी दारापाशी उभी राहून ऐकलं. आत जायची हिंमत झाली नाही.

म्हणजे तुला ठाऊक आहे. ते गेले, एवढे दोन शब्द लिहायचे होतेस. मी तुला शिव्याशाप दिले असते, पण भाऊ म्हणून दिले असते. कुठे, कसे, कुणाच्या हातून, हे तू सांगणार नाहीस. तुझ्या साहेबांना चालणार नाही.

आम्ही येत नाही. तिकिटं परत पाठवते आहे.

या पत्राचं पाकीट मुद्दाम चिकटवलेलं नाही. तुझ्या माणसाला वाचायला सोपं जाईल, साहेबांनाही. त्यांना सांग, नाव लिहून घ्यायला आता भावाला विचारावं लागणार नाही. आज सकाळी आम्ही मायलेकी चहाच्या दुकानात जाऊन बसलो आणि ते जहाज कसं आलं, त्यात काय होतं, ते कुणी आणलं, हे येईल त्याला नावानिशी सांगितलं. उद्याही जाणार आहोत.

ताई