तुझ्या देव्हाऱ्यासमोर खारं पाणी

माय, तुझ्या स्वयंपाकघरात मी मासे आणले आहेत. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं ऐकायचं की नाही ते तुझं तू ठरव. तुझ्याशी मी कधी अशा पुस्तकी मराठीत बोलले नाही, पण लिहायला बसलं की हीच येते.

मासे तुझ्या जावयाचे. ते वारले, सुरतेचा भाड्याचा फ्लॅट सोडावा लागला, आणि कोरीटचं हे घर तुझ्यामागे रिकामंच होतं. समुद्राच्या पाण्याची काचेची टाकी, तिच्यात जिवंत प्रवाळ धरलेले दगड आणि दोन केशरी मासे. एक दुकानदार सगळं घ्यायला तयार होता. मी नाही म्हणाले. का, ते अजून सापडलेलं नाही. प्रेमापोटी म्हणावं तर आत काही हललं नव्हतं. जुनं पाणी पिंपांत भरलं, दगड त्यातच बुडवले, कारण ते सुकले की त्यांच्यावरचं सगळं मरतं. मासे पाण्याच्या पिशवीत घालून मांडीवर घेतले. टेम्पोवाला नवापूरपर्यंत बोलत होता, मी हो म्हणत होते.

बाहेरच्या खोलीत ऊन येतं, मधल्या खोलीची फरशी खचली आहे. थंड आणि पक्की जागा एकच, तुझी. पाणी भरून झाल्यावर लक्षात आलं की टाकी बरोबर देव्हाऱ्यासमोर आली आहे. शेजारच्या काकू दारातून बघत होत्या. "तुन्ही माय ऱ्हाती ते तुले घरमा येऊ नै देती," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ मासे बघून, "आते देवस्लेच सरकाडी घे. यास्ले कोठे सरकाडशी?" त्या हसल्या. मीही हसले असावे.

शाळेतून येताना मी ओढ्यातली मासोळी डब्यात आणली होती, आठवतं? तू मला उंबऱ्याबाहेर उभं करतेस. झाकण उघडतेस. "जीवले डब्बामा कोंडी ऱ्हायनी?" एवढंच म्हणतेस, आणि तव्यावरची भाकरी तशीच टाकून मळ्यातल्या विहिरीत ती सोडून येतेस. मग अंघोळ करतेस, चूल पुन्हा सारवतेस. तू चिडलीस ती मासा घरात आला म्हणून की तो कोंडला म्हणून, हे मी कधी विचारलं नाही. आज विचारावंसं वाटतं, कारण दोन्ही मी केलं आहे.

शिवाय हे मासे गोठवलेली कोळंबी खातात. सुरतेला ती तुझ्या जावयाच्या वेगळ्या छोट्या फ्रिजमध्ये असायची, मी हात लावत नसे. इथे फ्रिज एकच. ती दुधाच्या पिशवीशेजारी असते. रोज सकाळी एक तुकडा तुझं नाव कोरलेल्या वाटीत विरघळायला ठेवते. घरात दुसरी वाटी नाही असं नाही. आता प्रवाळही पुन्हा उमललं आहे. हे असते तर हाक मारून दाखवलं असतं. मी बघितलं आणि ओटा पुसला.

देव सरकवले नाहीत. हे पान वहीतच राहील. काल त्याच वाटीत, घासून घेतलेल्या, पण त्याच, मी वरण वाढून घेतलं, आणि पहिला घास तोंडाशी नेऊन थांबले. किळस आली म्हणून नव्हे. तू ओरडशील, याची वाट बघत थांबले होते. वरण गार झालं, मग जेवले.