रेणूचं जन्मसाल

निंबर्गा, ता. आळंद

प्रिय दीपे,

तुझा फोटो मिळाला. परदेशातली ती मोठी परिषद, पुढं माईक, मागं कुठकुठल्या देशांचे झेंडे, आणि आमची दीपमाला बायकांच्या हक्कावर बोलायलीय. एरवी मी तो फोटो गावभर दाखवत हिंडले असते. या वेळी फोन पालथा घालून ठेवला. राग मानू नको. नऊ दिवस झाले, रेणू त्या परक्या मुलखातल्या शवागारात पडून आहे, आणि कागद जुळेनात म्हणून तिला घरी पाठवत नाहीत. मला कशात गोडी वाटायची?

तिची आई, म्हाळसाबाई, रोज शाळेच्या पायरीवर येऊन बसायलीय. पोरगी गेली हे तिला कळलंय. आता एकच धरून बसलीय, "बाई, माती तरी माझ्या हातची पडू द्या तिच्यावर." मांडीवर रेणूची सहा वर्षांची लेक असते. मी फळ्याकडं तोंड करून उभी राहते. मुलांना वाटतं, बाई लिहायल्यात.

तू रेणूला एकदा बघितलंयस. कडगंचीला विद्यापीठात तुझं भाषण होतं, तेव्हा मी तिला सोबत आणलं होतं. हिरव्या साडीतली, तुझ्याकडं टकामका बघणारी. नवऱ्यानं, सिद्धरामनं, दुसरी बायको आणली म्हणून लेकीला कडेवर घेऊन माहेरी आलेली. तू त्या दिवशी काय बोललीस ग! देशानं दुसऱ्या देशाशी बोलताना बाईचं माणूसपण आधी धरावं, म्हणालीस. तीस वर्षांखालच्या बाईला घरकामासाठी आखातात जाऊ द्यायचं नाही, हा सरकारी नियम म्हणजे रक्षण नव्हे, कोंडणं आहे. तिला जाऊ द्या, पण आधी तिकडच्या सरकारकडून तिच्या हक्कांची हमी घ्या. मी हात लाल होईस्तोवर टाळ्या वाजवल्या. परतीच्या बसमध्ये रेणू म्हणाली, "बाई, मला बी जायाचंय." आम्ही दोघींनी तुझं अर्धंच ऐकलं, दीपे. हमीचं राहून गेलं.

एका एजंटामार्फत ती आखातात घरकामाला गेली. पहिले तीन महिने दर शुक्रवारी फोन यायचा, लेकीला गाणं म्हणायला लावायची. मग फोन बंद. मालकानं पासपोर्ट कुलपात घातला होता, हे आपल्याला फार उशिरा कळलं. मार्चमध्ये ती कशीबशी पळून पोलीस चौकीत पोचली. तू दिल्लीत किती धावपळ केलीस, तुझ्या संस्थेतली सगळी ओळख वापरून म्हाळसाबाईचा अर्ज आपल्या तिकडच्या वकिलातीपर्यंत नेलास. कुणी काही केलं नाही असं मी म्हणाले तर माझी जीभ झडेल. घोडं अडलं ते वयावर. पासपोर्टवर जन्म १९९३ चा, आईच्या अर्जात २००१ चा. ही तीच बाई का, ते शाळेनं लिहून द्यावं, असं पत्र आलं.

तू फोन करून मला सरळ विचारलंस, पंचे, खरं साल कुठलं? मी काय म्हणाले आठव. "म्हाळसाबाई अडाणी हाय ग, तिला वय काय कळतंय?" आणि लेखी पाठवून दिलं की शाळेच्या नोंदीप्रमाणे १९९३ हेच बरोबर. अर्ज दुसऱ्याच कुणाचा तरी म्हणून बाजूला पडला. चौकीतून मालक तिला परत घेऊन गेला. पुढं ती तिसऱ्या मजल्यावरून पडली म्हणतात. पडली का ढकलली, कोण सांगणार आहे आपल्याला?

अडाणी कसली! काल ती मला म्हणाली, "भुईकंप झाला तवा माझं लगीन बी झालं न्हवतं, बाई. मग रेणू कामून त्या साली जन्मंल?" त्र्याण्णवच्या त्या भूकंपात तू नि मी सहा वर्षांच्या होतो, तुझ्या आईनं, भागाबाईनं, दोघींना फरफटत अंगणात आणलं होतं. ते साल मी तरी विसरेन का?

पासपोर्टासाठी तिला तीस वर्षांपुढची दाखवणारा तो १९९३ चा खोटा दाखला मीच लिहिला, दीपे. अक्षर माझं, शिक्का शाळेचा. एजंटानं मागितला, व्हय, पण त्यानं माझा हात धरला नव्हता. मला वाटलं, मी एक बाई मोकळी करायलेय. मार्चमध्ये खरं बोलले असते तर माझी नोकरी गेली असती आणि रेणू घरी आली असती. मी नोकरी धरली. म्हणून आज फोन न करता हे हातानं लिहितेय. हे मैत्रिणीचं पत्र म्हणून जपून ठेवू नको, जसंच्या तसं वकिलातीकडं पाठव. रेणू अंबाजी, जन्म ११ जून २००१, असं शाळेच्या मूळ रजिस्टरात आहे. त्या पानाची नक्कल जोडलीय. मला वाचवायला एक ओळही गाळू नको. म्हाळसाबाईला यातलं काहीच ठाऊक नाही. पाकीट टपालात टाकून मी तिच्या घरी सांगायला जायलेय. तिनं मला मारलं तर बरं होईल. पण ती मारायची न्हाई. बाईंवर हात कसा उचलायचा, असं वाटेल तिला.

म्हणवून घ्यायला तोंड नाही, तरी तुझीच,
पंचशीला
मुख्याध्यापिका, मराठी शाळा, निंबर्गा