वजन भरायचं म्हंजे काय

उद्या कुस्तीआधी नातीला काट्यावर चढायचंय, म्हणून कालपासून ती पाण्याला शिवली न्हाई. ओठ वाळून फुटलेत, अन् पोरगी डबड्यात थुंकत बसलीया, तेवढंच वजन उतरतं म्हणून. दुपारी मी भाकरी वाढून ताट तिच्यापुढं ठेवलं, तर तिच्या बापानं, माझ्याच पोरानं, ते उचललं अन् मला म्हणाला, "आई, तू मधी पडू नको. माझ्या टायमाला पडलीस तेवढं बास झालं." वस्ताद, हे त्याच्या तोंडून तुमी बोलताय. माणूस मेला तरी त्याची जीभ दुसऱ्याच्या घरात राहती, हे मला आज कळलं. म्हणून नातीच्या वहीतली पाठकोरी पानं घेऊन लिवायला बसले. दुसरीपतूर शिकलेल्या बाईचं अक्षर हाय. वाचताना डोळं ताणा.

कर्जतपासून आत, जिथं यष्टी येऊन तशीच मागं फिरती, असल्या गावच्या हायस्कुलात खेळाचा मास्तर कोण येतो? तुमी आलात. दोनी कान मोडलेले, मान न्हाईच, डोकं सरळ खांद्यावर ठेवल्यावानी. गुडघा गेला, जत्रेतल्या कुस्त्या सुटल्या, म्हणून पी.टी.ची नोकरी धरली, असं तुमीच सांगायचा. शाळेमागल्या बाभळी तोडून पोरांकडून आखाडा खणून घेतलात. हेडमास्तर म्हणाले, "सर, ही शाळा आहे का रेड्यांचं डबकं?" तुमी म्हणालात, "सायेब, रेडं तर वर्गात बी बसलेत. मी निदान कामाला लावतो." गावभर हसू झालं. मग माती मऊ करायला घरोघर ताक, हळद, तेल मागत फिरलात. दुष्काळात माणसाला ताक न्हाई अन् तुमी मातीला मागताय! तरी मी दिलं. वर मलाच सांगितलंत, "बाई, तांब्या फाटकापाशी ठेवा. बायांनी आखाड्यात पाय टाकायचा न्हाई." आमचं ताक चालायचं, पाय चालायचा न्हाई. आता माझी नात रोज मॅटवर पोरांना उचलून आपटती. तुमी असता तर तोंड कुठं लपवलं असतं?

पोरं घडवलीत, ते मी नाकारत न्हाई. कोण पोलिसात गेलं, कोण मिलिट्रीत. ज्यांच्या बापाला दोन वेळचं धड मिळत न्हवतं त्यांना तुमी तुमच्या खोलीवर दूध पाजलंत, बायको केली न्हाई, संसार केला न्हाई. माझ्या पोरावर तुमची नजर पडली तवा तुमी घरी आलात अन् आधी गोठ्यात शिरलात. "म्हैस दूध किती देती?" मी म्हणाले, "वस्ताद, पोरगं बघायला आलात का म्हैस?" तुमी म्हणालात, "बाई, पोरगं म्हशीवरच उभं राहतंय." तवा मी बी हसले. त्या दिवसापासून दूध पोराचं, चहा आमचा कोरा.

मग त्या नगरच्या जिल्ह्याच्या कुस्त्या. जिंकला तर सरकारी खेळाच्या वसतिगृहात जागा, राहणं, खाणं, शिकणं सगळं तिकडं. बाकीची पोरं एका शाळेत फरशीवर झोपणार हुती. माझ्या पोराला खोकला, म्हणून मी त्याला घेऊन नगरातच, नागापूरला, माझ्या भावाच्या खोलीवर उतरले. स्टँडवर तुमी मला बाजूला घेऊन सांगितलंत, "बाई, उद्या सकाळी पोराचं वजन भरायचंय. तेवढं ध्यानात ठेवा." एवढंच. अन् निघालात.

वस्ताद, आमच्यात वजन भरायचं म्हंजे काय? बोकड बाजारात न्यायचा तर आदल्या दिवशी मीठ घातलेली पेंड चारायची अन् निघताना पोटभर पाणी पाजायचं. काट्यावर बोकड भरला पायजे. जत्रेत तर पैलवानाला काट्यावर कोण चढवतच न्हाई, नजरेनं जोड लावत्यात. शाळेच्या कुस्तीत वजन ठरल्यापेक्षा वर गेलं की पोरगं बाद, हे मला कोण सांगणार? सकाळी उठून मी हुलग्याची शेंगोळी केली, भाकरी थापली, दूध तापवलं. पोरगं म्हणतंय, "आये, वस्ताद खाऊ नको म्हणलेत." मी म्हणते, "वस्तादांनी मला सोताच्या तोंडानं सांगितलंय, वजन भरायचं. गप खा." भुकेलेलं पोर, आई सांगती, वस्तादाचं नाव घेती. खाल्लं त्यानं, ताट पुसून खाल्लं.

काट्यावर चढलं अन् तुमचं तोंड उतरलं. त्याला स्वेटर घालून उन्हात पळवलंत, डोईची केसं कापलीत, थुंकायला लावलंत. काटा ऐकंना. पोरगं बाद झालं. मग चार तालुक्यांच्या माणसांपुढं तुमी माझ्याकडं आलात. तवर अहोजाहो, तवा एकदम अगंतुगं: "तू आई हायेस का वैरीण?" पोरगं शेजारी उभं, डोकं बोडकं, ते बी माझ्याकडं तसंच बघतंय. मला अजून दिसतंय ते बघणं.

आठवडाभरानं तुमी घरी आलात. पोरगं रानात हुतं. पाटावर बसलात, भाकरी मोडलीत अन् मान खाली घालून म्हणालात, "बाई, शब्द माझा चुकला. 'वजनात बसवायचं' म्हणायला पायजे हुतं." मी म्हणाले, "हे पोराला सांगा." तुमी म्हणालात, "नको. वस्ताद चुकतो म्हणून कळलं की पोरगं आखाड्यात उभं राहत न्हाई." मी इचारलं, "अन् आई चुकती म्हणून कळलं तर?" तुमी म्हणालात, "आईचं काय बाई, आईला पोरगं माफ करतंय."

वस्ताद, त्यानं केलं न्हाई.

माझी भाकरी खाऊन, हात धुवून गेलात. तुमचा शब्द तुमच्यासंगं मातीत गेला अन् माझ्या कपाळी वैरीण राह्यली. तुमी गेल्यावर एकदा मी पोराला सगळं सांगितलं. म्हणाला, "मेलेल्या माणसावर कशाला ढकलतीस?" आता तो तुमच्याच शाळेत तुमच्याच जागेवर खेळाचा सर हाय. भिंतीवर तुमचा फोटो, त्याला हार. शिट्टी बी तुमच्यासारखीच वाजवतो, कानठळ्या बसवणारी. मी म्हणाले, "पोरगी वाढती हाय, वरच्या वजनाच्या गटात खेळव." तो म्हणतो, "वरच्या गटात हरंल." अरं हरू दे की! हरलेली पोरगी घरी येऊन जेवती. अन् नात, ती बी तसलीच, मला कानात म्हणती, "आज्जे, पप्पांशी भांडू नको, मला खेळायचंय." बोलताना तिची जीभ टाळूला चिकटती.

ही पानं कुठं जायची न्हाईत. मेलेल्याला पत्ता नसतो, अन् पोराला दिली तर म्हणंल म्हातारी अजून ढकलतीच हाय. चुलीला कामाला येतील. पर एक कबूल करते, लई जड जातंय तरी करते. आज तुमी जिवंत असता तर मी अनवाणी पळत येऊन तुमचंच मनगट धरून घरी आणलं असतं. माझं पोरगं साऱ्या जगात एकाच माणसाचं ऐकायचं, अन् तो माणूस मी न्हवते.

आता उठते अन् नातीला पाणी पाजते. उद्या काट्यापाशी तो इचारील, हिला पाणी कुणी पाजलं. पोरीनं तोंड उघडायचं न्हाई, मी पाजलं म्हणून मीच सांगीन. पर पोटची पोर तहानेनं बोलंना झाली तरी बापाला कळलं कसं न्हाई, ह्याचं उत्तर त्यानं द्यायचं. तुमी न्हाई, मी न्हाई. त्यानं.