ग्लाशाची बाटली

येफिम, तुझ्या संशयापायी मी चांगली अर्धी बाटली व्होडका मोरीत ओतली आणि नातीसमोर तोंडघशी पडले. हे आधी वाच, मग माझी खुशाली घे. कंबर ठीक आहे. गाय दूध देते ना?

चित्रकला शिकायला गेलेली पोर शहरात पिते म्हणून तिला घरी आणायला तू मला धाडलंस. रंगांच्या डब्याशेजारी बाटली दिसली, ती मी रिकामी केली. ग्लाशा हसतच सुटली.

"आजी, नदीवर चित्र काढताना पाणी गोठतं, म्हणून त्यात व्होडका घालतात. आमचे मास्तरही घालतात!"

"थापा मारू नकोस," म्हटलं.

मग मला नदीवर घेऊन गेली. रोज सकाळी चहा पिऊन, काळा पाव खाऊन ती तिथेच जाते. व्होडका मी ओतलेली, म्हणून तिने नुसत्या पाण्याने रंग लावला, तर तो कागदावरच गोठला आणि आपल्या खिडकीवर थंडीत उमटतात तशी फुलं पसरत गेली. रागावायचं सोडून पोर बघतच राहिली. मीही पाय गारठल्याचं विसरले.

चित्रात तिने बर्फ निळा रंगवला होता. "बर्फ कुठे निळा असतो, येडे?" म्हणून मी मान वर केली, तर दिवस कलला होता आणि अख्खी नदी निळी झाली होती.

पोर खोकते. बोटं उघडी राहणारे हातमोजे घालते. माझे लोकरीचे तिला ठेवून मी एकटीच परत येते.

उत्तर तूच लिही, शेजारच्या झोयाकडून लिहवून घेऊ नकोस. आणि मला नको, पोरीला लिही.

तुझी म्हातारी,
मात्र्योना